गरोदर स्त्रियांच्या काविळीचा उल्लेख का नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील काश्मीरचे डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू यांच्या यकृतविषयक संशोधनावरचा लेख मी दोनदा वाचला आणि रात्रभर नीट झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. डॉक्टरांचे शोधनिबंध किती, ते कोणत्या नियतकालिकांत आले, इतर संशोधकांनी त्यांचे दाखले किती वेळा दिले, हा तपशील लेखकांनी कष्टाने जमवला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार मानतो. गुलमर्ग परिसरातील १९७८ ची काविळीची साथ आणि तिच्यावरचा १९८० चा निबंधही लेखात आहे. परंतु पुढच्याच वर्षी त्याच ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या त्यांच्या दुसऱ्या निबंधाला एक ओळही मिळालेली नाही, उलट दूषित पाण्यातून पसरणाऱ्या याच काविळीबद्दल ‘हिपॅटायटीस ई हा सौम्य आणि आपोआप बरा होणारा आजार आहे’ असे वाक्य मात्र छापले गेले आहे.

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते वाक्य खरे आहे. कोणाच्या बाबतीत खरे नाही, हेच १९८१ च्या त्या निबंधात आहे. साथीच्या गावांतील २०८ गरोदर स्त्रियांपैकी ३६ जणींना, म्हणजे शंभरात सतरा जणींना, कावीळ झाली होती, तर पुरुषांत आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा दोन-तीनच होते. त्या ३६ पैकी आठ जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले. गरोदर नसलेल्या एकाही स्त्रीवर ती वेळ आली नाही. पाण्यातून पसरणारी कावीळ गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जीव घेऊ शकते हे इतक्या स्पष्ट आकड्यांत मांडणारा हा निबंध आहे, आणि डॉ. खुरूंच्या सगळ्या लेखनात सामान्य घरातल्या माणसाच्या सर्वांत उपयोगाचा तोच आहे, असे माझे ठाम मत आहे.

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षक आहे. १९९४ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना लागला होता. आमच्या गल्लीतील नळाची वाहिनी गटारातून जात होती आणि पाण्याला वास येतो अशी तक्रार आम्ही दोन वेळा लेखी दिली होती. आळीत चार-पाच जणांना कावीळ झाली, त्यात तिलाही झाली. आम्ही तिला दवाखान्यात नेले तेव्हा ‘साधी कावीळ आहे, आपोआप उतरेल, तेलकट देऊ नका, उसाचा रस द्या’ असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. गुंगी येऊ लागली, असंबद्ध बोलू लागली तर तासभरही थांबू नका, एवढे एक वाक्य त्या दिवशी कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखेना, तरी अशक्तपणा असेल म्हणून आम्ही सकाळची वाट पाहिली. मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा ती शुद्धीत नव्हती. बाळही गेले. आळीतले बाकीचे सगळे महिन्याभरात खडखडीत बरे झाले.

डॉ. खुरूंचा तो निबंध तेव्हा तेरा वर्षांचा झाला होता. हे ज्ञान काश्मीरपुरते होते असेही नाही. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून आलेल्या मोठ्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने तपासून ती साथ हिपॅटायटीस ‘ए’चीही नव्हती आणि ‘बी’चीही नव्हती, म्हणजे पुढे ‘ई’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वेगळ्याच काविळीची होती, हे १९८० साली ‘लॅन्सेट’मध्ये ज्यांनी मांडले, त्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खोर्शेद पावरी होत्या. पुण्याहून आमचे गाव एसटीने पाच तासांवर आहे. म्हणून निबंधांचे दाखले किती झाले हे वाचताना, तो निबंध तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत कधी पोहोचला, हा प्रश्न मला पडतो आणि लेखकांनाही तो पडायला हवा होता.

माझी विनंती एवढीच आहे की, कालच्या त्या वाक्याची दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी, सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे, हे पावसाळाभर दर आठवड्याला चौकटीत द्यावे. आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. त्याच पानाच्या तळाशी ‘तीन दिवसांत कावीळ उतरवणाऱ्या’ माळेची जाहिरात आहे. तशीच माळ १९९४ साली आमच्या आईने बहिणीच्या गळ्यात घातली होती. ही जाहिरात आपण पुन्हा घेऊ नये.

आपला नम्र,
एक जुना वाचक, सांगली जिल्हा