साहेब, फेरफाराच्या सॉफ्टवेअरमध्ये वाट बघण्याचा पण हिशोब ठेवा

मा. महसूल मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात कंपन्यांसाठी वर्कफ्लो डिझाइन करतो, म्हणजे पर्चेस ऑर्डर कोणाकडून कोणाकडे जाणार, वेळेत मंजूर झाली नाही तर वर कोणाला कळणार, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं. गावाकडे शेती आहे त्यामुळे फेरफाराशी, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत नाव बदलण्याशी, पण संबंध येतोच, म्हणून लिहितोय.

ई-फेरफार आलं, डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला, ई-हक्क पोर्टलवरून वारस नोंदीचा अर्ज घरबसल्या टाकता येतो, हे मोठं काम झालंय आणि ज्यांनी केलं त्यांचे मनापासून आभार.

पण अर्ज टाकल्यानंतरचं बघा. नोंद गाव नमुना सहाला, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, धरली की जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150 प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. आता हे 15 दिवस नोटिशीनंतर मोजायचे, आणि खरा वेळ जातो तो त्याच्या आधी, सगळ्यांना नोटीस पोचवण्यात, एक भाऊ मुंबईला, बहीण सुरतला, कोणाचा पत्ताच जुना. आमच्या वारस नोंदीला हरकत कोणाचीच नव्हती, तरी सगळा उशीर तिथेच झाला आणि अर्ज नेमका कुठे अडकलाय हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या कामात बीपीएमएन नावाची आकृती काढायची पद्धत आहे, प्रत्येकाची एक पट्टी, त्यात त्याचं काम, आणि जिथे कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय तिथे टायमर लावता येतो. फेरफारात पण प्रत्येक वारसाची नोटीस वेगळी धरा, कोणाला मिळाली, कोणाची परत आली, कधीपासून पडून आहे, हे अर्जदाराला मोबाईलवर दिसू द्या, म्हणजे बहिणीचा नवीन पत्ता तो स्वतःच त्याच दिवशी भरेल.

दुसरं ते त्रुटीचं. आज एक कागद कमी म्हणून अर्ज परत, तो जोडला की पुढच्या वेळी दुसरा. सगळ्या त्रुटी एकदमच लिहायच्या, आणि तोच अर्ज दुसऱ्यांदा परत पाठवायचा असेल तर कारणासकट वरच्या अधिकाऱ्याच्या स्क्रीनवर गेलाच पाहिजे, एवढा एक नियम सॉफ्टवेअरमध्ये टाकला तरी केवढे हेलपाटे वाचतील!

ठरलेल्या मुदतीत काम मिळावं म्हणून लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, पण उशीर झाला तर अपील माणसानेच करायचं, आणि ज्याला रोज कामावर जायचंय तो कुठे अपील करत बसणार? मुदत संपली की सिस्टीमनेच प्रकरण वर पाठवावं.

यात तलाठ्यांवर काठी उगारायची नाहीये हं. एकेकाकडे दोन-तीन गावं, त्यात अवकाळी झाला की पंचनामे, मध्येच निवडणुकीचं काम, तेव्हा त्यांना पण 'पंचनाम्यामुळे थांबलंय' असं नोंदवायची सोय पाहिजे, म्हणजे माणसं कुठे कमी पडतायत हे तुम्हालाही दिसेल.

माझी मागणी एवढीच आहे की पुढचं व्हर्जन बनवायच्या आधी एका तालुक्यातले तलाठी, मंडळ अधिकारी आणि चार-पाच अर्जदार एकत्र बसवून ही पूर्ण आकृती कागदावर काढा, मराठीत काढा, आणि टेंडर निघण्याआधी ती लोकांच्या सूचनांसाठी खुली ठेवा. बोलावलंत तर मी पैसे न घेता येऊन बसेन.

आपला,
पुण्यातला एक वर्कफ्लो डिझायनर