कुत्रा आणण्याआधी घर आणि रान पाहावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतली मुले कुत्रा पाळण्याचा हट्ट धरतात आणि घरात दोन पक्ष पडतात. एका पक्षाला आपल्या मुलखातला उंचापुरा, ऐटबाज कारवानी हवा असतो, तर दुसऱ्याला मांडीवर मावणारा पॉमेरेनियन किंवा पग. निर्णय बहुधा मोबाइलवरच्या छायाचित्रावरून होतो आणि तो चुकला तर पुढची दहा-बारा वर्षे ते मुके जनावर भोगत राहते. आमच्या शेतावर पूर्वीपासून कारवानी कुत्री राहत आली आहेत, म्हणून हे लिहावेसे वाटले.

कारवानी हा वासापेक्षा नजरेवर चालणारा शिकारी कुत्रा आहे. निमुळते तोंड, खोल छाती, खपाटीला गेलेले पोट, लांब पाय आणि नराची खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर उंची, हा सारा बांधा सपाट माळावर पळते जनावर गाठण्यासाठी घडलेला आहे. चाकूर तालुक्यातील जानवळ गाव या कुत्र्यांसाठी ओळखले जाते. कानांवर व शेपटीवर लांब रेशमी केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातील मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हीच जात जोपासली, कर्नाटकाने तिच्यासाठी संशोधन केंद्र काढले आणि टपाल खात्याने २००५ साली मुधोळ हाउंडचे तिकीटही काढले. या जातीचा अभिमान आम्हालाही आहे. मात्र केवळ अभिमानापोटी तिला तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत आणून गॅलरीच्या गजाला बांधणे हा तिच्यावर अन्याय आहे.

या कुत्र्याला रोज मोकळे पळायला मिळाले नाही तर तो उदास आणि चिडका होतो. तो सहसा घरातल्या एक-दोन माणसांचाच असतो व परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, त्यामुळे पाहुण्यांचा राबता असलेल्या घरात तो सुखी राहत नाही. अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ असल्याने त्याला उघड्या सिमेंटवर निजवू नये, खाली पोते किंवा गोधडी लागते. पळणारे काहीही दिसले, मग ते मांजर असो, कोंबडी असो की शेजाऱ्याचे छोटे कुत्रे, की पाठलागाची ऊर्मी त्याला आवरत नाही आणि अशा वेळी मालकाची हाकही त्याच्या कानी पडत नाही. म्हणूनच ‘दोन्ही आणू, एकमेकांना सोबत होईल’ हा विचार, निदान दोघांना एकत्र मोकळे सोडण्यापुरता, धोक्याचा आहे.

आता कामाचा मुद्दा. शिकारी कुत्रा पाळायचा तर शिकार आलीच, असे अजूनही अनेक तरुण समजतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत जनावर मारण्याबरोबरच त्याचा पाठलाग करवणे, त्याला हाकून नेणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. म्हणजे सशामागे किंवा काळविटामागे मुद्दाम कुत्रा सोडला आणि हाती काहीच लागले नाही, तरी गुन्हा घडतोच. रानडुकरांच्या त्रासाने गांजलेले शेतकरी कुत्रा डुकरावर सोडतात, त्यात बहुतेक वेळा कुत्राच सुळ्यांनी फाडला जातो. आमच्याकडे कारवानी आता शेतावरच्या घराची राखण करतो, पहाटे माळावर मनसोक्त पळतो आणि रात्री आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, निजतो. एवढ्या कामात तो समाधानी असतो, हे मी खात्रीने सांगू शकतो. केवळ पिकाच्या राखणीसाठी कुत्रा हवा असेल तर आपला गावठी कुत्रा अधिक भुंकतो, कमी खातो आणि उन्हातान्हात टिकतो.

लहान कुत्र्याची निवडही वाटते तितकी सोपी नाही. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. पगचे नाक-तोंडच आखूड असल्याने त्याला ते नीट साधत नाही आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे गेला की त्याचा जीव खरोखरच धोक्यात येतो. घरात दिवसभर गारवा ठेवणे शक्य नसेल, त्याने पग आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉमेरेनियन म्हणून आपल्याकडे विकला जाणारा दाट केसांचा पांढरा कुत्रा त्या मानाने इथे रुळला आहे. तो भुंकतो फार, केस रोज विंचरावे लागतात आणि दुपारी त्याला बाहेर काढता येत नाही. पण दोन खोल्यांच्या घरात, दिवसभर सोबत हवी असलेल्या वृद्धांना त्याच्याइतका माणसात रमणारा जीव दुसरा मिळणे कठीण. पैसे मोजून जातिवंत पिलू आणण्याऐवजी गल्लीतले गावठी पिलू उचलून त्याला वेळेवर रेबीजची लस टोचून घेणाऱ्या कुटुंबांविषयी तर मला विशेष आदर वाटतो.

ज्याचा मुक्काम शेतावर आहे, जवळ मोकळे रान आहे आणि पहाटे कुत्र्याबरोबर निघण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच कारवानी पाळावा. नोकरीनिमित्त दिवसभर घर बंद ठेवणाऱ्याने कारवानी आणू नये आणि पॉमेरेनियनही आणू नये.

या निमित्ताने प्रशासनाला एक विनंती आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत पशुप्रदर्शनाबरोबर श्वान प्रदर्शनही भरते आणि दूरदूरचे शौकीन तेथे येतात. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही, तरी आईचे दूध न सुटलेली पिले हौसेने नेली जातात. पशुसंवर्धन विभागाने प्रदर्शनाच्या जागी पशुवैद्य बसवून पिलाचे वय तपासावे, लसीची नोंद करून द्यावी आणि घेणाऱ्याला त्याचे घर कसे आहे, शेत आहे का, कुत्र्याजवळ दिवसभर कोण असते, एवढे तरी विचारावे. येत्या मार्गशीर्षातील यात्रेपासून ही व्यवस्था सुरू करता येईल.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक,
ता. चाकूर, जि. लातूर