दगड उलटलात, तर परत ठेवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला मधमाश्या आणि रानातल्या बेडकांवरचा पानभर लेख वाचला. आमच्याकडे तुमचा अंक दुपारच्या गाडीने येतो, त्यामुळे राग यायलाही संध्याकाळ झाली. लेख मेहनतीने लिहिलाय, वाद नाही. पण शेवटच्या रकान्यात लेखकमहाशय म्हणतात, जंगलालगतच्या लोकांत जागृती नाही, ते मोहोळं जाळतात, देवगांडूळ साप समजून ठेचतात. तिथे मी चष्मा काढून ठेवला.

ठेचतात, खोटं कशाला बोलू? माझ्या चुलत्यांनीच आळं खणताना मांडुळाचं पिल्लू म्हणून एकाचे कुदळीने दोन तुकडे केलेले मी पाहिलेत. वीतभर लांब, ओलं, अंगभर वळ्या, डोळे शोधूनही सापडत नाहीत. तो बेडकांच्या गोतातला प्राणी आहे हे आम्हाला कोण सांगणार होतं? म्हादईचं नाव मिळालेलं देवगांडूळ 2007 साली शास्त्राच्या वहीत चढलं, ते आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या चोर्ल्याचं. तालुक्यात किती जणांना हे ठाऊक आहे? तुमच्या लेखातही चोर्ल्याचं नाव नाही, नुसतं 'पश्चिम घाटात'. घाट काय, गुजरातपासून केरळपर्यंत आहे.

असो. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

सहा-सात वर्षं झाली असतील. मृगाचा पाऊस धरला होता. एका मोठ्या शहरातल्या संस्थेची पाच-सहा मुलं आली. डोक्याला बॅटऱ्या, पायात गुडघाभर बूट, बोलायला अगदी गोड. देवगांडूळ शोधतोय म्हणाली. आमच्या आप्पांनी त्यांना पडवीत झोपायला जागा दिली, भाकरी-आमटी दिली आणि पोफळीच्या बागेत कुठे माती भुसभुशीत आहे तेही दाखवलं. त्याच बागेच्या गडग्यात, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणात, फणसाच्या मुळाशी, सातेरीचं, आपल्या देशी मधमाशीचं, मोहोळ होतं. माझ्या लहानपणापासून मी ते तिथेच बघत आलो. आप्पा सकाळी पाणी सोडायला जाताना एका ठरावीक चिऱ्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. आतून 'फुस्स' असा एकदम आवाज यायचा, सगळ्या माश्या एका दमात पंख हलवायच्या. "आहेत घरात," म्हणायचे आणि पुढे जायचे. शिमग्याच्या आधी दोन पोळ्यांवरचा मधाचा कांदा, म्हणजे मधाने भरलेला वरचा भाग, तेवढा कापून घ्यायचे, बाकीच्या पाच-सहा पोळ्यांना हात नाही. जाळणं वगैरे दूरच, धूरसुद्धा नारळाच्या शेंडीचा, तोही बेताचा. तुमच्या लेखकांना हे जागृतीत धरता येईल का, त्यांनीच ठरवावं.

मुलांनी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी गडग्याच्या कडेची दोन हात जमीन खणली. कुजके ओंडके उलटे केले, चिरे उपसून बाजूला टाकले. एक देवगांडूळ मिळालं, अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली मादी. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. मग सामान आवरून गाडी गेली. ओंडके तसेच उताणे, चिरे पावसात.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी टकटक केलं. आवाज नाही. वाकून बघितलं तर मागचे दोन चिरे निघाल्यामुळे अंधाऱ्या पोकळीत उजेड आणि पाणी शिरलं होतं, आणि पोळ्यांवर मुंगळ्यांची रांग लागली होती. माश्या उठून गेल्या होत्या. बंद घरांतली पिल्लं तेवढी मागे. सातेरी तशी माणसाळलेली, पण तिचं बिनसलं की ती घर सोडते. आणि भर पावसात, रानात फूल नसताना उठलेलं मोहोळ कुठे जाऊन जगणार? आप्पा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी एकट्याने ते चिरे परत रचले. वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

अभ्यास करू नका असं मी म्हणत नाही. अभ्यास झाला नसता तर त्या प्राण्याला आम्ही आजही मांडुळाचं पिल्लूच म्हणत असतो. पण दगडाखाली जी ओल असते, त्या ओलीवरच बेडूक आणि देवगांडूळ जगतात. दगड उलटा राहिला की दोन उन्हात सगळं सुकलं. जागृतीचे पाठ आम्हाला देणाऱ्यांना एवढं तरी कोणी शिकवलेलं असावं ना?

आता मधमाश्यांचं. त्या कमी झाल्या, हे आम्हाला सांगायला पुरवणी लागत नाही. 1991-92 नंतर थाई सॅकब्रूड नावाचा रोग दक्षिणेत पसरला, तेव्हा आमच्या चार मधपेट्यांपैकी एकही वाचली नाही. घरातली अळी डोकं वर करून मेलेली, चिमटीत धरून ओढली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सबंध बाहेर यायची. आज रोगाइतकीच भीती काजूची आहे. ढेकण्या हा रस शोषणारा किडा पडतो म्हणून मोहोरावर फवारणी करायची, तीही भर सकाळी, माश्या कामाला लागल्यावर. मीही करत होतो. आता संध्याकाळी करतो, मोहोर पूर्ण फुलायच्या आधी. शेजारी हसतात. यावर तुमच्या लेखात दीड ओळ आहे, आणि आइन्स्टाइनवर आठ! माश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल, असं तो म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही. पण मधमाशीचा लेख त्या बिचाऱ्याशिवाय पुरा होत नाही. शिवाय फोटो छापलात तो पिवळ्या, जाडजूड युरोपी मेलिफेराचा, आणि खाली लिहिलंत 'आपली सातेरी'. म्हशीचा फोटो टाकून खाली 'आमची कपिला' लिहिण्यासारखं झालं हे.

जाता जाता आणखी एक. मधपेट्यांच्या एका योजनेचा फॉर्म मागच्या वर्षी आणला. सगळा कन्नडमध्ये. माझा कन्नडवर राग नाही, बाजारात रोज बोलतो. पण मोडी वाचलेल्या आप्पांना ऐंशी ओलांडल्यावर कन्नड फॉर्म भरायला लावायचा म्हणजे माशीला पोहायला शिकवणं. शेवटी नातवाने भरून दिला. पेट्या आल्या मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर. रिकाम्याच पडून आहेत, एकीत मेणकिडा झालाय.

मागच्या खेपेला माझं पत्र तुम्ही निम्मं कापलंत. याही वेळी जागा कमी असेल तर आइन्स्टाइन कापा, फॉर्मही कापा. गडग्याचं तेवढं ठेवा. आप्पा रोज अंक वाचून घेतात.

आपला,
जांबोटीकडचा एक शेतकरी वाचक