हाडकी-हाडोळ्याचा गाववार हिशेब जाहीर व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जात आता दाखल्यापुरती उरली आहे, शेतीवाडीशी तिचा काही संबंध राहिलेला नाही, असा सूर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात अधूनमधून उमटतो. सातारा जिल्ह्यात तीस वर्षे तलाठ्याचे दप्तर सांभाळल्यामुळे मला तो पटत नाही. ज्या जमिनीला गावात हाडकी किंवा हाडोळा म्हणतात, त्या महार वतनाच्या जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, मी वाचल्या आहेत आणि काही नवे माझ्याच हातचे आहेत.

ही जमीन कुणी खिरापत म्हणून दिलेली नव्हती. चावडीवर हजर राहणे, शेतसाऱ्याचा भरणा तालुक्याला पोचवणे, शिवेची राखण करणे, मयताची वर्दी घेऊन परगावी धावणे, मेलेले ढोर ओढणे या रात्रंदिवसाच्या कामांपोटी काही तुकडे आणि बलुत्याचे धान्य, एवढाच तो मोबदला होता. या मोबदल्यामुळेच माणूस गावाच्या वेठीला बांधला जातो हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक 1928 साली मुंबई कायदेमंडळात मांडले. ते मंजूर झाले नाही. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, 1958 साली झाला.

त्या कायद्याने वेठ संपली, हे मोठेच काम झाले. जमीन मात्र आपोआप वतनदाराकडे राहिली नाही. ती आधी सरकारजमा झाली आणि साऱ्याच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम ठरलेल्या मुदतीत भरणाऱ्याला नवीन शर्तीने, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाही या अटीवर, परत द्यायची, असे ठरले. रक्कम आज किरकोळ वाटेल; पण ज्या घरात रोख पैसा सणासुदीलाही दिसत नव्हता आणि सरकारी नोटीस वाचून दाखवायला ज्याच्याकडे जायचे त्याचाच डोळा त्या तुकड्यावर होता, तिथे मुदत टळणे नवलाचे नव्हते. रक्कम न भरल्यामुळे ‘सरकार’ नोंद झालेले जमिनीचे गट मी स्वतः पाहिले आहेत. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह का झाले, याचे एक उत्तर अशा दप्तरांत सापडते.

माझ्या सजातील, म्हणजे माझ्याकडे असलेल्या गावांतील, एक वृद्ध गृहस्थ दर दोन-तीन महिन्यांनी चावडीत येत. प्लास्टिकच्या पिशवीतून, घडीवर फाटलेली आणि मागून कापडाची पट्टी चिकटवलेली एक पावती ते माझ्या टेबलावर उलगडत. त्यांच्या वडिलांनी तिप्पट सारा भरल्याची ती पावती होती. तालुक्याच्या नोंदवहीत तिचा क्रमांक मिळत नव्हता, म्हणून सात-बारावर नाव लागत नव्हते. ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पावती पुन्हा घडी करून ठेवताना मात्र त्यांचा हात फार सावकाश चालत असे.

ज्यांना जमीन परत मिळाली त्यांचेही फारसे बरे झाले नाही. वतन सगळ्या भावकीचे. त्यामुळे अडीच एकरांच्या एका सात-बारावर त्रेचाळीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईला, काही मयत आणि वारस नोंदी रखडलेल्या. इतर हक्काच्या रकान्यात ‘महार वतन, नवीन शर्त’ असा शेरा दिसला की कर्ज देणारा मागेपुढे पाहतो. विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि सरकारात भरायचा नजराणा. ही अट जमीन त्यांच्याच हाती राहावी म्हणून होती, आणि ती काढून टाकावी असे मी मुळीच म्हणत नाही. पण अडलेल्या माणसाने पाटबंधाऱ्याचे पाणी आणि बँकेचा पैसा यांवाचून ती कसायची कशी, याचा विचार कुणी केला नाही. मग विसार पावती आणि कुलमुखत्यारपत्र हाच मार्ग उरला. गावालगत रस्ता रुंद झाला की हे तुकडे कवडीमोलाने घ्यायचे, ताबा मिळवायचा आणि परवानगीचे पुढे बघून घ्यायचे, अशी ही रीत आहे. मी नोंदवलेल्या फेरफारांतही असे व्यवहार आहेत. कागद नियमात बसत होते, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

शासनाने प्रत्येक गावी 1958 च्या कायद्याखाली किती महार वतन जमीन सरकारजमा झाली, किती परत दिली, किती परवानगीने विकली गेली आणि आज प्रत्यक्ष ताबा कुणाचा आहे, याची यादी चावडीवर लावावी. जुने दप्तर बहुतेक ठिकाणी संगणकावर आले आहे, तेव्हा हे काम अवघड नाही. शर्तभंग सापडल्यास जमीन सरकारजमा करून थांबू नये, ती मूळ वारसांना परत द्यावी. नाहीतर लुबाडला गेलेलाच दुसऱ्यांदा दंड भरतो.

मी निवृत्त झालो तेव्हा त्या पावतीवाल्या गृहस्थांचा अर्ज प्रलंबित होता. ते आता हयात नाहीत. अर्ज मुलाने स्वतःच्या नावे नव्याने दिला आहे आणि त्याला मूळ पावती हजर करण्यास सांगण्यात आले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तलाठी, सातारा जिल्हा