शाखेचा कोड शाखेच्या दारावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कापसाचे आणि सोयाबीनचे चुकारे सुरू झाले की आमच्या भागात दर हंगामात एकच तक्रार ऐकू येते : 'पैसे सोडले म्हणतात, मग खात्यात का नाही आले?' घाटंजी आणि पांढरकवडा तालुक्यांतल्या गावांत मी शिक्षक होतो. निवृत्त झाल्यावरही लोक अर्ज भरून घ्यायला घरी येतात. अशा अडकलेल्या पैशाचं कारण पुष्कळदा पासबुकाच्या पहिल्या पानावरच्या एका ओळीत सापडतं, आणि ती ओळ नीट ठेवण्याची जबाबदारी बँकेची आहे, खातेदाराची नव्हे. एवढ्याचसाठी हे पत्र.

ती ओळ म्हणजे आयएफएससी कोड, पैसे कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत जायचे ते सांगणारा. त्यात अकरा जागा असतात. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची. स्टेट बँकेची एस, बी, आय, एन, तर बँक ऑफ महाराष्ट्रची एम, ए, एच, बी. शेवटच्या सहा जागा शाखेच्या. मधली पाचवी जागा नेहमी शून्याची असते आणि सगळा घोळ तिथंच होतो. हाताने लिहिताना शून्याचा 'ओ' होतो, आणि संगणक तो कोड स्वीकारतच नाही.

दिवाळीच्या सुमारास एक मावशी आपलं पासबुक घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड, अगदी जपून ठेवलेलं. मुखपृष्ठावर ज्या बँकेचं नाव होतं ती बँक आज त्या नावाने राहिलेलीच नाही. आतल्या पानावरची छपाई इतकी पुसट झाली होती, की कोडमधलं शून्य आहे की अक्षर हे भिंगाखाली धरूनच ठरवावं लागलं. जिनिंगच्या मुनिमाने त्याच पानावरून कोड उतरवून घेतला होता. "गुर्जी, कापूस तं मोजून घेतला त्याईनं, आता पैशाले कोड लागते म्हणते," मावशी सांगत होत्या. कोड जुन्या बँकेचा, त्यातही शून्याच्या जागी 'ओ'. त्यांना घेऊन तालुक्याच्या शाखेत गेलो. काउंटरवरून उत्तर आलं, "नेटवर पाहून घ्या." ज्या बाईकडे साधा बटनांचा फोन आहे तिला बँक नेटवर पाहायला सांगते, हे मला अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही. नवीन पासबुक मिळालं, पण त्यासाठी मजुरी बुडवून पुन्हा फेरी मारावी लागली.

बँका एकत्र झाल्या त्या दिल्ली-मुंबईत. कागद बदलायचं काम मात्र खेड्यातल्या खातेदाराच्या गळ्यात पडलं. 1 एप्रिल 2019 ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. 1 एप्रिल 2020 ला अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, सिंडिकेट कॅनरा बँकेत, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत विलीन झाल्या. त्यातल्या अनेकांचे जुने कोड 2021 मध्ये बंद झाले. आता आमच्या सगळ्यात जवळच्या बँकेची पाळी आली आहे. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामील झाली. मुख्यालय नागपूरहून छत्रपती संभाजीनगरला गेलं आणि प्रायोजक बँक, म्हणजे ग्रामीण बँकेला भांडवल आणि आधार देणारी मोठी बँकही बदलली. पूर्वी बँक ऑफ इंडिया होती, आता बँक ऑफ महाराष्ट्र आहे. आडगावातला शेतकरी, अंगणवाडी सेविका, बचत गट, सगळ्यांची खाती याच बँकेत. त्या प्रत्येकाने जुन्या पासबुकावरचा कोड अर्जात उतरवण्याआधी शाखेतून खात्री करून घ्यायला हवी. पण हे त्यांना गावात येऊन सांगणार कोण?

अर्जात पुढे 'एमआयसीआर', म्हणजे चेक वटवताना लागणाऱ्या कोडचाही रकाना असतो. तो नऊ आकड्यांचा असतो आणि चेकच्या तळाशी चुंबकीय शाईने छापलेला असतो. पहिले तीन आकडे गावाचे, साधारण पिनकोडवरून घेतलेले, जसे नागपूरचे 440. पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. त्याच ओळीत आधी सहा आकड्यांचा चेक क्रमांक असतो. लोक तोच रकान्यात भरतात, म्हणून हे लिहिलं.

याहून मोठा गैरसमज दुसराच आहे. सगळे पैसे कोडनेच येतात असं लोकांना वाटतं. व्यापाऱ्याने एनईएफटी किंवा आरटीजीएसने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत थेट पाठवलेले पैसे कोड आणि खाते क्रमांकावर येतात. पीएम किसानचा हप्ता, रोजगार हमीची मजुरी, लाडक्या बहिणीचे पंधराशे हे मात्र आधारवरून येतात. एनपीसीआय म्हणजे देशातल्या बँकांची देवाणघेवाण सांभाळणारी संस्था; तिच्या नोंदीत तुमच्या आधारला शेवटी जी बँक जोडली गेली, पैसे त्या बँकेत जातात. शिबिरात कधीतरी अंगठा देऊन दुसरं खातं उघडलं आणि आधार तिकडे जोडलं गेलं, तर हप्ता तिथंच जमा होत राहतो. घरचे मात्र जुन्या पासबुकावर एंट्री मारून 'आलेच नाही' म्हणत बसतात. अशा वेळी कोड बदलून काही होत नाही. आधी आधारला कोणती बँक जोडली आहे ते पाहावं. आधारच्या संकेतस्थळावर ते दिसतं, आणि सेवा केंद्रवाला पाहून देऊ शकतो.

व्यापारी 'पैसे टाकले' म्हणाला तर त्याच्याकडून यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक मागून घ्या. त्या क्रमांकावरून बँकेला पैशाचा माग काढता येतो. एनईएफटीचे पैसे जमा होऊ शकले नाहीत, तर ज्या बॅचमधून (व्यवहारांच्या गटातून) ते गेले त्या बॅचनंतर दोन तासांत ते परत पाठवायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) अधिक 2 टक्के व्याज बँकेला द्यावं लागतं. हे मागायचा हक्क आहे हेच लोकांना ठाऊक नाही. आणखी एक. पैसे जमा होताना बँक खाते क्रमांक पाहते, नाव जुळवून पाहतेच असं नाही. म्हणून एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच्या खात्यात जातात. पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दाखवण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत सुरू करायला बँकांना सांगितलं होतं. शाखेत जाऊन पैसे पाठवणाऱ्यालाही ती मिळायला हवी. ती मागून घ्या.

कोड लपवण्याची गोष्ट नाही. काही म्हातारी माणसं कोड सांगायला घाबरतात आणि फोनवरच्या अनोळखी माणसाला ओटीपी मात्र सांगून टाकतात. कोड म्हणजे शाखेचा पत्ता. तो कोणालाही द्यावा. ओटीपी आणि पिन कोणालाच देऊ नये, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाखेच्या दाराशी आणि गावातल्या बँक मित्राच्या (बँकेचं काम गावात करणाऱ्या प्रतिनिधीच्या) खोलीवर त्या शाखेचा आयएफएससी आणि एमआयसीआर ठळक अक्षरांत रंगवावा, पाचव्या जागी शून्य आहे हे मराठीत लिहावं, आणि विलीन बँकेच्या खातेदारांना विनाशुल्क नवीन पासबुक द्यावं. रंगाचा एक डबा आणि अर्धा दिवस, यापलीकडे खर्च नाही. शाखेने तक्रार ऐकली नाही आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पण एका कोडसाठी कोणाला तिथपर्यंत जावं लागू नये. यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांनी बँकांच्या जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि कापूस खरेदी सुरू होण्याआधी प्रत्येक शाखेकडून फलक लागल्याचा अहवाल मागवावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ