खड्ड्याचा फोटो नको, पाणी ओतून दाखवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की नागपुरात रेन वॉटर हार्वेस्टिंगची चर्चा सुरू होते, किती इमारतींना शोषखड्डे (गच्चीचं पाणी जमिनीत मुरवायला गिट्टी-रेती भरलेले खड्डे) आहेत, किती जणांनी नुसते कागदावर दाखवले, कोणाला नोटीस जाणार वगैरे. सगळं ठीक आहे. पण जे खड्डे खरंच खणले आहेत त्यातून पाणी खाली उतरतं का हे कोणी विचारताना मला तरी दिसलं नाही. खड्ड्याचा फोटो पास झाला म्हणजे पाणी मुरतं असं धरून चाललंय सगळं.

मी बुटीबोरी एमआयडीसीत केमिकल प्लांटवर नोकरी केली, आता रिटायर आहे. आमच्याकडे पॅक्ड बेड असायचे, म्हणजे उंच टाकीत दाणे किंवा रिंगा भरायच्या आणि त्यातून गॅस किंवा पाणी पाठवायचं. बेडच्या वर एक आणि खाली एक प्रेशर गेज, दोघांतला फरक शिफ्टच्या वहीत लिहायचा. फरक वाढत गेला की समजायचं बेड चोक होतोय. बेड भरलाय याचा फोटो काढून कोणी साहेबाला पाठवला असता तर साहेबाने त्याला वेड्यात काढलं असतं. शोषखड्डा हा पण पॅक्ड बेडच आहे हो, फक्त जमिनीत गाडलेला आणि गेज नसलेला.

आमच्या सोसायटीचा खड्डा मागच्या उन्हाळ्यात उघडायला लावला. पाऊस आला की झाकणातून पाणी उसळून पार्किंगमध्ये यायचं, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की पाऊसच जास्त झाला. उघडल्यावर वर चिखलाची एक राखाडी पापडी, बोटाच्या पेरापेक्षाही पातळ, पण कुदळीच्या टोकाने उचलली तर अख्खी निघाली इतकी घट्ट. त्याच्याखाली जे होतं त्याला थर म्हणता येणार नाही. गिट्टी, चुरी, विटांचे तुकडे, मुरूम, सगळं एकत्र, जसं ट्रॉलीतून पडलं तसं. ठेकेदाराला फोन लावला तर म्हणतो, "साहेब, फोटो पास झाला ना तुमचा, मग आता काय?" यावर काय बोलणार.

आता यात चुकलं काय ते सांगतो, थोडं हिशोबाचं आहे पण कंटाळू नका.

एकसारख्या दाण्यांचा ढीग केला तर त्यात साधारण ४० टक्के जागा मोकळी राहते, दाणे मोठे असोत की छोटे. पण मोठ्या गिट्टीत चुरी मिसळली की चुरी जाऊन बसते गिट्टीच्या फटीत आणि मोकळी जागा २० टक्क्यांवर येऊ शकते. कोणाला वाटेल जागा निम्मी झाली तर पाणीही निम्मं जाईल. तसं होत नाही. कोझेनी यांनी १९२७ मध्ये आणि कार्मन यांनी १९३७ मध्ये जे गणित मांडलं त्याप्रमाणे ४० चे २० टक्के झाले की पाणी जवळपास १४ पट कमी जातं, आणि हे दाण्याची साइज तीच धरून. साइज लहान झाली तर आणखी मार, कारण पाणी दाण्याच्या व्यासाच्या वर्गाने घटतं, व्यास निम्मा तर प्रवाह चौथाई. ज्या चिंचोळ्या वाटांतून पाणी सरकतं त्यांच्या भिंतीच पाण्याला धरून ठेवतात, आणि दाणा जितका बारीक तितक्या भिंती जास्त.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरासरी साइज बघून काही उपयोग नाही. हेझन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १८९२ च्या सुमारास फिल्टरच्या रेतीवर काम करून दाखवलं की रेतीतला सगळ्यात बारीक १० टक्के माल कोणत्या साइजपर्यंतचा आहे त्यावर पाणी किती जाणार हे ठरतं. म्हणजे ९० टक्के माल एक नंबर आणि १० टक्के धूळ, तर बेड धुळीचा. तरी आपल्याकडे रेती धुवायला सांगितली की मजूर हसतात.

आपल्या गच्चीचा हिशोब लावू. १०० चौरस मीटर गच्ची, म्हणजे हजार-अकराशे स्क्वेअर फूट. नागपुरात तासाभरात ५० मिमी पाऊस काही नवलाचा नाही, २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा तर काही तासांत १०० च्या वर पडला. ५० मिमी धरला तर तासाला ५००० लिटर. खड्डा वरून एक मीटर बाय एक मीटर असेल तर हे सगळं पाणी तेवढ्या तोंडातून गेलं पाहिजे. रेतीचा तो बारीक १० टक्के माल अर्ध्या मिमीचा असेल तर हेझनच्या सूत्राने तासाला ९००० लिटरपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे आरामात. तोच ०.१ मिमीचा असेल तर ३६० लिटर. बाकीचं कुठे जाणार, तुमच्या पार्किंगमध्येच ना.

ज्यांना गणित नको त्यांनी कूलर आठवा. नवीन घास भरताना उत्साही माणूस जाळीत ठासून ठासून घास भरतो, जास्त घास म्हणजे जास्त गार हवा असं त्याला वाटतं, आणि मग पंखा नुसता घुरघुरतो, हवा येतच नाही. त्यात बोअरच्या खारट पाण्याने घासावर पांढरी पुटं चढली की जून लागायच्या आतच कारभार बंद. हवा असो की पाणी, भरलेल्या मालातून जायचं तर नियम एकाच घरातले.

हे सगळं काल-परवाचं ज्ञान नाही. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा पाणीपुरवठा बघणाऱ्या हेन्री डार्सी यांनी रेतीने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजमाप केलं आणि १८५६ मध्ये छापलं, की पाण्याची पातळी जितकी वर तितका प्रवाह जास्त, थर जितका जाड तितका कमी. माणूस नगराच्या पाण्याचा इंजिनियर, आणि त्याने आधी मोजलं. आपल्याकडे १७० वर्षांनी फोटो.

आता त्या पापडीबद्दल. गच्चीवरची धूळ, माती, कबुतरांची घाण, सगळं पहिल्या पावसात खाली येतं. यातली रेती लगेच बसते, ०.१ मिमीचा कण मीटरभर पाण्यात दोनेक मिनिटांत तळाला जातो. पण मातीचा दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिमीच्या पाचशेव्या भागाएवढा कण तेवढंच अंतर उतरायला तीन दिवस घेतो, कारण स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये दाखवलं तसं बारीक कणाचा बसण्याचा वेग पण व्यासाच्या वर्गाने घटतो. म्हणून खड्ड्याआधी छोटा चेंबर बांधला तर रेती अडेल पण गढूळपणा थेट बेडवर जाईल आणि वरच्या सेंटिमीटरभरात पापडी धरेल. खालचा दीड मीटर माल कितीही चांगला असो, अडवणूक सगळी त्या पापडीत. इलाज सोपा आहे, पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी बायपास करून नालीत सोडायचं आणि दर वर्षी मे महिन्यात वरची दोन-चार इंच रेती काढून धुऊन परत टाकायची. अख्खा खड्डा उपसायची गरज नाही. थर पण नीट हवेत, तळाला मोठी गिट्टी, वर मध्यम, मग बारीक, सगळ्यात वर धुतलेली कन्हान नदीची किंवा कुठलीही जाड रेती, आणि मध्ये जाळी, नाहीतर रेती गिट्टीत उतरून परत तीच खिचडी.

आता मुद्द्याचं. माझी महापालिकेला विनंती आहे की खड्डा तपासताना पाणी ओतून तपासा, आणि ओतायची पद्धतही सांगतो, कारण यात एक गंमत आहे. आमच्याकडे एक जण पाहणीला आला, दोन बादल्या ओतल्या, पाणी गायब, म्हणे खड्डा चालू आहे. अहो, कोरड्या गिट्टीत पाणी गायब होणारच! दीड घनमीटर बेडमध्ये ४० टक्के मोकळी जागा म्हणजे ६०० लिटर, तीस बादल्या ओता तोवर खड्डा खालून पूर्ण बंद असला तरी पाणी वर दिसणार नाही. ती नुसती भरती आहे, मुरणं नाही. टँकर लावा, पाणी बेडच्या वर येऊ द्या, तसंच थोडा वेळ ठेवा, मग टँकर बंद करून पट्टीने मोजा की दहा मिनिटांत पातळी किती उतरते. त्याला पट्टी, मोबाईलचं घड्याळ आणि एक टँकर पुरतो.

आणि पाणी फार झपाट्याने उतरलं तरी लगेच खूश होऊ नका. प्लांटमध्ये याला चॅनलिंग म्हणायचो, पाणी बेडमधून न जाता भिंतीच्या कडेने वाट काढतं. काळ्या मातीत हे हमखास होतं कारण ती उन्हाळ्यात फाटते, भेगांतून पहिलं पाणी सुसाट जातं, मग माती फुगते आणि भेगा बंद. म्हणून टेस्ट एकदा ओली झाल्यावर परत घ्यायची. जिथे काळी माती जाड आहे तिथे खड्ड्याचा तळ तिच्यातच राहिला तर वर जर्मन रेती टाका, पाणी जाणार नाही, खड्ड्याची टाकी होईल. तळ मुरमापर्यंत न्यावा लागतो.

हे सगळं तपासायला माणसं नाहीत म्हणाल तर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्या गावात, १९४२ पासूनचं एलआयटी हे केमिकलचं कॉलेज आपल्या गावात, केमिकल आणि सिव्हिलची पोरं दर वर्षी प्रोजेक्टला विषय शोधत फिरतात. एका झोनमधले काही खड्डे त्यांना मोजायला द्या, आकडे पेपरात छापा, खर्च टँकरचा.

बोअरमध्ये पाणी सोडणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगायचं आहे. गच्चीचं पाणी सोडा, पण पार्किंगचं ऑइल मिसळलेलं किंवा गटाराचं चेंबर तुंबून वाहणारं पाणी गिट्टीच्या खड्ड्यातून बोअरला जोडू नका. गिट्टी-रेती कण अडवते, पाण्यात विरघळलेलं काहीही ती अडवत नाही, आणि एकदा खाली गेलेलं ते पाणी फक्त तुमच्याच बोअरमध्ये राहत नाही.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर