गिटारच्या अँपला डबा घेताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की तुमच्याकडं डीजेवर पत्रं सुरू होतात आणि ती यायलाच पायजेत, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम २००० सालचा आहे आणि तो किती पाळतात हे शहापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. पण माझं पत्र डीजेवर नाही (सीमाप्रश्नावरपण नाही, तेव्हा छापाल की नाही कुणास ठाऊक). इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. बेळगावात ती आता कमी राहिली नाहीत, कॅम्पात पहिल्यापासून होतीच, आता टिळकवाडी, अनगोळ, वडगाव सगळीकडं गच्चीवर कोणतरी वाजवायलंय, इंजिनिअरिंगच्या फेस्टला गावातलेच बँड असतात. आणि ही पोरं अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) घ्यायला निघाली की त्या डीजेवाल्यांसारखंच पहिलं विचारतात, किती वॉट?

वॉट नका विचारू बाबांनो, स्पीकर कुठला आणि डबा, म्हणजे तो बसवलेली लाकडी पेटी, कसला ते विचारा. मिरजेत तानपुरा करणारे आधी भोपळा निवडतात, तारांचं नंतर बघतात, तसंच आहे हे. गिटारचा अँप अर्धाच, उरलेला अर्धा आवाज स्पीकरच्या कॅबिनेटमधनं येतो आणि आपण सगळा पैसा पहिल्या अर्ध्यात घालून डब्याला मिळेल ते घेतो. कुणी तर घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टीमचा बॉक्स जोडतात, कुणी मंगल कार्यालयातला ट्विटरवाला (ट्विटर म्हणजे वरच्या पट्टीतला बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर). गिटारचा स्पीकर वेगळा असतो की. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या पुढं आपोआप खाली येतो, ट्विटर नसतोच, आणि ते मुद्दामच आहे. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडायचा इफेक्ट) लावलं की वरच्या पट्टीत जो चरचरीत कचरा तयार होतो तो हा स्पीकर गाळून टाकतो. ट्विटरच्या बॉक्समधनं तोच कचरा सगळा बाहेर येतो आणि मग पोरगं म्हणतं इफेक्टचं पेडल खराब लागलं.

हां, ज्यांच्याकडं मल्टीइफेक्ट प्रोसेसर (एकाच यंत्रात पुष्कळ इफेक्ट) आहे आणि त्यात कॅबिनेटची नक्कल चालू आहे, त्यांचं उलटं. त्यांनी सरळ पीएमध्ये (कार्यक्रमाच्या मोठ्या साऊंड सिस्टीममध्ये) जावं, नक्कल चालू ठेवून परत गिटारच्या डब्यात घातलं तर डबा दोनदा झाला, आवाज गोधडीखाली जातो.

आता वॉटचा हिशोब. पन्नासचा अँप सोडून शंभरचा घेतला तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. आणि हेच ३ डेसिबल स्पीकर बदलून फुकटात मिळतात, म्हणजे फुकटात नव्हे, पण अँपपेक्षा स्वस्तात. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ९७ वाल्या स्पीकरवर ३० वॉटचा अँप जेवढा वाजतो तेवढाच १०० वाल्यावर १५ वॉटचा वाजतो. सेलेस्टियन या स्पीकरच्या कंपनीचा व्हिंटेज थर्टी १०० चा आहे (नावात तीस असलं तरी तो ६० वॉट झेलतो, पुष्कळजण फसतात), त्यांचाच ग्रीनबॅक ९८ चा आणि २५ वॉटचा. दोघांचा स्वभाव वेगळा, थर्टी मधल्या पट्टीत जोरात पुढं येतो, बँडमध्ये दबत नाही, ग्रीनबॅक लवकर चिरकायला लागतो आणि ते चिरकणं गोड असतं. मला स्वतःला ग्रीनबॅक आवडतो, पण एकटाच लावायचा तर अँप पंधरा-वीस वॉटच्या आतला पायजे, कारण वाल्वचा (काचेच्या नळ्यांचा) अँप पूर्ण वाढवला की लिहिलेल्या वॉटच्या दुपटीजवळ जातो आणि स्पीकरची कॉईल जळते.

चार स्पीकरचा तो मोठा डबा फोटोत लय भारी दिसतो. पण तो कशामुळं आला हे बघा. १९६२ च्या सुमाराला लंडनमध्ये जिम मार्शल (मार्शल कंपनीवाले) यांनी अँप करायला घेतले तेव्हाचे बारा इंची स्पीकर पंधरा-वीस वॉटचे, एक-दोघांना झेपेना म्हणून चार घातले, आणि हॉलमध्ये गिटारला माईक लावून पीएतनं सोडायची पद्धत तेव्हा नव्हती, सगळा हॉल त्या डब्यानंच भरायचा. आज गल्लीतल्या कार्यक्रमालापण साऊंडवाला माईक घेऊन येतो, डब्यासमोर साधा एसएम ५७ माईक धरला की झालं. छत्तीस किलोचं धूड गणपत गल्लीतल्या जिन्यावरनं कोण चढवणार आणि निपाणीच्या बसमध्ये कंडक्टर घेईल काय? आपल्याला एका बारा इंची स्पीकरचा डबा पुरतो, फार तर दोनचा.

खरी निवड आहे मागच्या फळीची. पाठ उघडी असली की आवाज मागनंपण बाहेर पडतो, खोलीभर पसरतो, मोकळा हवेशीर वाटतो, बास सैल असतो. फेंडर कंपनीचे बरेचसे जुने अँप, व्हॉक्सचा एसी थर्टी पाठ उघडेच. पाठ बंद केली की बास घट्ट होतो आणि आवाज समोर एका रेषेत जातो, जड डिस्टॉर्शनला तो बरा. उघड्या पाठीचा डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका, फूट-दोन फूट जागा सोडा, फरक लगेच कळतो. आणि डबा कुठलाही असो, बारा इंची स्पीकरची वरची पट्टी टॉर्चसारखी सरळ जाते. वाजवणारा उभा, डबा जमिनीवर, म्हणजे ती त्याच्या गुडघ्याला लागते, कानाला लागत नाही, म्हणून तो ट्रेबल वाढवत बसतो आणि पुढच्या रांगेतल्या काकू कान धरून बसतात. डबा खुर्चीवर ठेवा किंवा मागं कलवा, निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

ओहमचं (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप) थोडक्यात सांगतो. अँपच्या मागं जो आकडा असेल तोच डब्याला पायजे. ८ चे दोन पॅरलल लावले की ४ होतात, सिरीज लावले की १६. वाल्वचा अँप स्पीकर न जोडता चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो आणि तो गुंडाळून देणारा माणूस सहज मिळत नाही. ट्रान्झिस्टरच्या अँपला स्पीकर नसला तर चालतं, पण लिहिलेल्यापेक्षा कमी ओहम चालत नाहीत. मागं एका कार्यक्रमात साऊंडवाल्यानं अँपहेड (स्पीकर नसलेला सुटा अँप) ते डबा अशी गिटारचीच केबल जोडून दिली होती, पिन सारखीच असल्यामुळं बसते, पण ती आतनं केसासारखी बारीक असते, स्पीकरची करंट तिला सोसत नाही. दोन पदरी जाड स्पीकर वायर वेगळीच घ्यायची.

आता मुद्द्याचं. विकतचा परदेशी डबा परवडत नसेल तर स्पीकर तेवढा चांगला घ्या आणि डबा इथंच करून घ्या, आमच्याकडं किचनची कपाटं करणारे सुतार हे काम आरामात करतात. फक्त पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ घेऊ नका, जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस सोडा, बेळगावच्या जुलैतपण ते कडेनं फुगतं आणि स्क्रू धरत नाही. १८ एमएमचं वॉटरप्रूफ प्लाय, दुकानात ७१० म्हणून मागितलं की देतात, कापल्यावर कडेला पोकळी दिसली तर परत करा, कारण जाड तार छेडली की त्या पोकळीपाशी खर्रर्र येतं. कोपरे फिंगर जॉइंटनं (बोटं गुंतवल्यासारख्या खाचांनी) आणि फेविकॉलनं, नुसत्या खिळ्यांनी नको. साधारण दोन फूट बाय दीड फूट, खोली दहा-अकरा इंच. बारा इंची स्पीकरला भोक बारा इंचाचं नसतं, अकराच्या जरासं वर असतं, हे सुताराला आधी सांगा नाहीतर बोल्ट धरायला लाकूडच उरणार नाही, आणि स्पीकर टी-नटवर (लाकडात ठोकायच्या नटवर) बोल्टनं बसवा. वरनं रेक्झिन हवं ते लावा, त्याचा आवाजाशी संबंध नाही.

वाद्यांच्या दुकानदारांना एक विनंती. अँप दाखवताना गिऱ्हाइकाला उघडा आणि बंद दोन्ही डबे ऐकवा. जागा नसते हे मान्य, पण एकच डबा असा करून घ्या की मागची फळी तीन तुकड्यांत येईल, मधला तुकडा चार स्क्रूंवर. काढला की उघडा, लावला की बंद, आणि पोरांनी येताना स्वतःची गिटार आणावी.

आपला,
शहापुरातला एक गिटारवाला, बेळगाव